आधी कोणाला उठवायचं

सुशांत मला आधी पायांनी भेटला.

महाडच्या बाजारपेठेतलं त्याच्या मामाचं कॉम्प्युटरचं दुकान खाली अगदी रिकामं होतं. पावसाळ्यात सावित्री नदीचा भरवसा कोणी धरत नाही, सगळा माल माळ्यावर चढतो. मी आत्याचा लॅपटॉप पोटाशी धरून उभी होते आणि वरून दोन पाय लोंबकळत होते... पँट दुमडलेली, बोटांना चिखल.

"वर या," पाय म्हणाले. "शिडी हालते, पण पडत नाय."

वर बसायला दोन खोकी होती. मी घाईघाईने सगळं सांगून टाकलं. कॉलेजच्या प्रॅक्टिकलला विंडोज चालत नाही, लिनक्स ही दुसरी सिस्टीम हवी, पण लॅपटॉप राजश्री आत्याचा, आणि आत्या बिरवाडीच्या शाळेत शिक्षिका. तिचं सगळं काम विंडोजमध्ये. ते पुसलं गेलं तर ती मला घरात घेणार नाही.

तो हसला. "दोघं राहतील की एका घरात. मध्ये भिंत घालू. सुरू करताना मशीन विचारेल, कोणाकडे जायचं? थोडे सेकंद थांबेल. नाय सांगितलंत, तर आपलं आपण विंडोजमध्ये जाईल."

भिंत घालायला वेळ लागला. पत्र्यावर पाऊस एवढा वाजत होता की बोलायला जवळ सरकावं लागे. तो स्क्रीनकडे बघे, मी त्याच्याकडे. आणि त्याने मान वळवली की मी घाईने स्क्रीनकडे...

मला मुळात धीर नाही. एसटीची वाट बघतानाही मी चार वेळा रस्त्यावर जाते. त्यामुळे पंधरवड्याने विंडोजच्या अपडेटने तो विचारणारा पडदाच घालवला, तेव्हा मी वैतागायला हवं होतं. मी वेणी घातली, ओढणी बदलली आणि महाडची गाडी पकडली.

त्याने झटक्यात दुरुस्त केलं. मशीनच्या पोटात एक क्रम असतो म्हणे, सुरू होताना आधी कोणाला उठवायचं याचा. अपडेटने विंडोजला पुढे सरकवलं होतं. विचारणारा पडदा लिनक्सचा, म्हणून त्याने लिनक्सला परत वर आणलं. मी नीट बघून ठेवलं.

त्यानंतर आमच्या लॅपटॉपवर अपडेट फारच यायला लागले. कधी मी शिडी चढायच्या आतच वरून आवाज येई, "आलीस?" अहो-जाहो कधी संपलं ते कळलं नाही. घरी मात्र माझं कशात लक्ष लागेना. भाकरी करपल्या, पुस्तक उलटं धरलं. आत्या म्हणायची, या मुलीला झालंय तरी काय!

मग एके दिवशी त्याने सहज सांगितल्यासारखं सांगितलं की पुण्याच्या कंपनीत काम मिळालंय, सोमवारी निघतो. मी मान डोलावली. छान झालं, असंही म्हणाले. याला काही वाटत नाही का? हा असाच जाणार?

शनिवारी लॅपटॉप परत बिघडला.

माळ्यावर त्याने तो उघडला, क्रम बघितला आणि हात मांडीवर ठेवले.

"आम्रपाली, हे अपडेटने नाय केलेलं. कोणीतरी हाताने केलंय."

माझे कान तापले. "कधीपासून कळलं?"

"दुसऱ्या दुरुस्तीपासून."

"मग बोलला का नाहीस?"

"बोललो असतो तर परत आली असतीस काय गो?"

मला हसू आलं आणि रडूही. तो खाली मान घालून काहीतरी टाइप करत राहिला. मग लॅपटॉप माझ्याकडे वळवला. पडद्यावर दोन्ही नावं होती, पण खाली धावणारे सेकंद नव्हते. "मोजणं काढून टाकलंय," तो म्हणाला. "आता तू ठरवेपर्यंत हे थांबेल. घाई नाय."

"मला घाई आहे," मी म्हणाले. "मी कधीच ठरवलंय. मला तू आवडतोस, सुशांत. सोमवारच्या आत आमच्या घरी ये... आणि लॅपटॉपचं निमित्त नको."

शिडी धरायला तो पहिल्यांदाच आधी खाली उतरला.

रविवारची सकाळ मी दारात आणि खिडकीत घालवली. महाडहून पोलादपूरला जाणारी एक गाडी आली, दुसरी आली... मी मनातल्या मनात त्याच्याशी भांडूनही घेतलं. आणि तो आला. इस्त्रीचा शर्ट, केस ओले, हात मोकळे.

"जय भीम, मॅडम."

"जय भीम. लॅपटॉपवाला सुशांत ना तू? ये, बस," आत्या म्हणाली. "आज काय बिघडलं आता?"

"काय नाय बिघडलं."

"मग?"

त्याने माझ्याकडे बघितलं. कपाळावर घाम, ओठ नुसते हलत होते. शब्द माझ्या जिभेवर तयार होते, मी ते एका दमात बोलून मोकळी झाले असते. पण दाराची चौकट घट्ट धरून मी थांबले. आयुष्यात पहिल्यांदा.

"मॅडम," तो म्हणाला, "मी आम्रपालीसाठी आलोय."