काचेवरचा भागाकार

सकाळच्या बीजगणिताच्या क्लासला ती धापा टाकत पोचली, तर एकच खुर्ची रिकामी. आणि शेजारी कोण? कालच तिच्या दुकानात वाद घालून गेलेला फ्रेमवाला.

"काच अर्धा सूत कमी भरली," तो हळूच म्हणाला.

"फ्रेम वाकडी असेल," ती म्हणाली आणि ऐटीत वही उघडली.

शाळेत दोघांनीही गणितात गटांगळ्या खाल्ल्या होत्या. आता तिला जमीन मोजणी शिकायची होती, आणि तिथली प्रवेशपरीक्षा गणिताशिवाय पार होणारी नव्हती. बहुपदींचा भागाकार मात्र काही केल्या जमेना. मधलं एखादं पद नसलं की ती पुढचं पद खेटून लिहायची, मग साध्या एक्समधून एक्सचा वर्ग वजा व्हायचा आणि सगळं मुसळ केरात. एकदा फ्रेमवाल्याने न राहवून तिच्या वहीत पेन चालवलं, तर तिने ते पानच उलटलं.

"माझं गणित मला चुकू दे. तुला हवं तर... बघत बस."

"तेच तर करतोय," तो म्हणाला.

तिच्या कानाच्या पाळ्या तापल्या, पण दुसऱ्या दिवसापासून ती आपणहून त्याच्याच शेजारी बसू लागली.

बाबा गेल्यापासून दुकान दादाचं आणि शब्दही दादाचाच. परीक्षा आठवड्यावर आली तेव्हा त्याने फर्मान काढलं, की काउंटर सोडून क्लासला पळणं आता पुरे, गणित हा काही तिचा प्रांत नाही.

"एक गणित घाल," ती म्हणाली. "चुकलं तर मीच क्लास सोडते. बरोबर आलं तर परीक्षेच्या आड यायचं नाहीस."

दादाने पुस्तकातून नेमकं अवघड काढलं. एक्सचा घन, वजा सात एक्स, अधिक सहा. भागायचं एक्स वजा दोनने. तिने समोरच्या उभ्या काचेवरच मार्कर चालवला. तेवढ्यात फ्रेमवाला काच न्यायला आला आणि पलीकडे थबकला. अक्षरं त्याला उलटी दिसत होती, पण चूक सरळच दिसली. वर्गाची जागा तिने सोडली नव्हती. त्याचं बोट वर उचललं गेलं... तिने काचेतून रोखून पाहिलं. त्याने मुकाट्याने दोन्ही हात खिशात घातले.

दोन ओळींत गाडं अडलं. झालं का, दादाने हसत विचारलं.

"नाही झालं." तिने बाहीने सगळं पुसलं. पुन्हा घन लिहिला, आणि थांबली. दाराची काच कापताना मुठीची जागा ती आधी आखायची. तिथे काच नसते, पण माप असतं. घनाशेजारी तिने शून्य एक्स वर्ग लिहिलं. मग एकेक पद आपापल्या जागी येऊन बसलं. एक्स वर्ग, अधिक दोन एक्स, वजा तीन. खाली शून्य.

दादाने मागच्या पानावरचं उत्तर दोनदा ताडून पाहिलं. मग पुस्तक मिटून पलीकडे बोट दाखवलं आणि विचारलं, की हे गिऱ्हाईक मघापासून का ताटकळलंय.

"गिऱ्हाईक नाही तो." तिने मार्करचं टोपण टक्कन लावलं. "त्याला चूक दिसली होती, तरी त्याने मला करू दिलं. आयुष्य काढायचं तर मी याच्याबरोबर काढणार, दादा."

दादाने आ वासला. काचेपलीकडचे हात अजून खिशातच होते.

"आता काढ की ते बाहेर," ती त्याला म्हणाली.

तो वळसा घालून आत आला. दादादेखत त्याने हात पुढे केला, आणि तिने तो शाईने माखलेल्या बोटांनी घट्ट धरला.