चौथं चित्र

खरवडलेल्या लाकडावर माश्या घोंगावत होत्या. भाऊजींनी नाकाला रुमाल लावला.

मेलेल्याच्या आठवणीच्या खांबावर त्याचा जन्म, लग्न, मध काढणं, सारं कोरलेलं होतं. चौथं चित्र त्याच्या मरणाचं. नेमकं तेच कुणीतरी खरवडलं होतं. उद्या खांब पूर्वजांच्या रांगेत उभा राहायचा, म्हणून विधवेनं वहिनींना बोलावलं. वहिनी खासगी तपास करीत. त्यांचे दीर, हे भाऊजी, पिशवी सांभाळीत.

वहिनींनी खाचेत नख घातलं. पिवळं, चिकट निघालं. "मधाळ मेण."

"शी! हात धुवा आधी," भाऊजी म्हणाले.

"कड्यावर मध काढताना दोर तुटला आणि हे पडले," विधवा म्हणाली.

"त्यांची मधाची सुरी?" वहिनींनी विचारलं.

"त्यांच्याबरोबर पुरली."

"मरण दिसलं तसं कोरायचं, एवढंच माझं काम," खांब कोरणारा म्हातारा म्हणाला. "खांब पोत्यात गुंडाळलेला. कुणाला दाखवला नव्हता." मग तो वहिनींच्या कानात काहीतरी पुटपुटला.

मेलेल्याचा धाकटा भाऊ आला तो रडतच. कड्यावर दोघंच जात. "देवमाणूस माझा दादा!" म्हणत त्यानं खांबाला मिठी मारली.

"खांब आधी पाहिला होतास?" वहिनींनी विचारलं.

"नाही हो, पोत्यातच होता."

"मग कुणी खरवडला असेल?"

"या म्हाताऱ्यानंच, चूक झाकायला! दोर झिजून तुटला, आणि हा दोराचं टोक सरळ कापलेलं कोरतो!"

भाऊजींनी मान डोलावली. पटलं होतं त्यांना.

"खाचेत मेण, म्हणजे मधाची सुरी," वहिनी शांतपणे म्हणाल्या. "थोरल्याची जमिनीत आहे. उरली तुझी. आणि टोक सरळ कोरलंय हे म्हाताऱ्यानं आत्ताच फक्त मला सांगितलं. न पाहिलेलं चित्र तुला कसं कळलं?"

"प्रेताला अंघोळ घालताना कमरेचा दोर मी पाहिला," म्हातारा म्हणाला. "कुणी कापला ते ठाऊक नव्हतं. म्हणून बोललो नाही. कोरलं."

धाकट्याचं रडणं नळ बंद करावा तसं थांबलं. "तो असेतो मला कुत्रं विचारत नव्हतं," तो म्हणाला. बाहीनं नाक पुसून त्यानं भावाच्या विधवेकडे पाहिलं. "पोलीस येईस्तोवर दोन घास वाढतेस?"

भाऊजींनी रुमाल पुन्हा नाकाला लावला.

विधवेनं त्याच्याकडे पाहिलंही नाही.

"बाबा, पुन्हा कोरा," ती म्हाताऱ्याला म्हणाली.

"सुरीवाला पण?"

"नुसता हात. याचं तोंड आमच्या पूर्वजांत नको."