चौथा खण

"चोर घरातलाच आहे," स्टुडिओचे मालक म्हणाले. "गाणी साठवायचं यंत्र म्हणजे चार डिस्कांचं खोकं, चारही अर्ध्याअर्ध्या भरलेल्या. काल रविवारी कुणीतरी चौथी पळवली. मी घाबरून यंत्रच बंद केलंय. माझ्या बायकोची सगळी गाणी त्यात होती हो! ती गेली, आता आवाजही गेला."

भावोजींचा जीव कळवळला. ते साधे दातांचे डॉक्टर. पण मेहुणी गुप्तहेर असली की सुट्टीचा बोऱ्या वाजायचाच.

"संशय कुणावर?" मेहुणीनं विचारलं.

"रेकॉर्डिस्टवर. महिनाभर नवी डिस्क मागत होती, मी नाही म्हटलं. संध्याकाळी पोलिसांत देणार तिला."

रेकॉर्डिस्टचे डोळे रडून सुजले होते. "काल वीस मिनिटं आले होते, माइक न्यायला. आजींना विचारा."

आजी म्हणजे मालकांच्या सासूबाई. यंत्राच्या खोलीतच विणत बसल्या होत्या. "खरंय. मी सकाळपासून संध्याकाळपर्यंत इथंच होते, अख्खी बाही झाली. आज कसं शांत वाटतंय बाई, ती मेली टिकटिक नाही."

भावोजींनी सहज भिंतींकडे पाहिलं. चारही कोऱ्या होत्या.

मेहुणीनं यंत्र सुरू केलं. तीन डिस्क दिसल्या, प्रत्येक दोन-तृतीयांश भरलेली. तिनं एक गाणं लावलं. खोलीत मालकांच्या बायकोचा आवाज घुमला, कुठंही न तुटता. मालक यंत्राजवळ येऊन बसले.

"भावोजी, दात काढण्याआधी काय करता?"

"भूल देतो. घाईत ओढला तर जबडा मोडायचा."

"इथं तेच झालंय. चोरानं डिस्क नुसती उपटली असती, तर तिच्यातले तुकडे जाऊन गाणी तुटली असती. इथं आधी चौथीतला माल बाकीच्या तिघींत हलवला, मगच ती काढली. म्हणून तर त्या जास्त भरल्यात. या कामाला तासन्‌तास लागतात, वीस मिनिटं पुरत नाहीत. मग दिवसभर इथं कोण होतं? आणि आजी, या खोलीत घड्याळच नाही. टिकटिक कसली होती?"

आजींनी लोकरीच्या पिशवीतून डिस्क काढून जावयापुढे ठेवली.

"दोनदा सांगितलं जावईबापू, ही टिकटिकतेय, मरायला टेकलीय. तुम्ही म्हणालात, आई, तुमचे कान वाजतात."

"पण निदान सांगून तरी काढायची!"

"सांगून काय दिवे लागले होते? म्हटलं, रिकामा खण दिसल्यावर तरी नवी आणाल. मागं या पोरीनं एक बदलली तेव्हा मी शेजारीच होते. आधी रिकामी करायची, यंत्र 'झालं' म्हणेपर्यंत हात लावायचा नाही." त्यांनी डिस्कवरून बोट फिरवलं. "एकुलती लेक होती माझी. पण तुम्ही या पोरीवर आळ घ्याल, पोलिसांची भाषा कराल, हे मला आत्ता कळतंय. आधी तिची माफी मागा."

मालक उठले. "चुकलो, ताई."

"नवी डिस्क मागवू?" रेकॉर्डिस्टनं नाक ओढत विचारलं.

"दोन मागव," मालक म्हणाले.

आजींनी सुया उचलल्या. पण गाणं संपेपर्यंत त्यांनी एकही टाका घातला नाही.