दारापर्यंत कोण सोडणार?

टोकियोच्या काबुकिचोत पहाटे पाऊस पडत होता आणि एक माणूस आपली छत्री अनोळखी बाईच्या हातात कोंबून पळत सुटला होता.

सलूनच्या काचेतून मी हे बघितलं. ती बाई छत्रीकडे बघत उभी, आणि हा थेट आमच्या दारातून आत. निथळत.

"केस," एवढंच म्हणाला.

"बसा. छत्री कुणाला दिलीत?"

"माहीत नाही."

"गिऱ्हाईक?"

"झाली तर बरंच." तो आरशात हसला. "पण बहुतेक कामावर निघाली होती बिचारी."

आमच्याकडे पहाटे होस्ट येतात, क्लबात बायकांसोबत बसून गप्पा मारायचे पैसे घेणारे पुरुष. सूर्य उगवला की त्यांचे क्लब उघडतात, त्याआधी आम्ही त्यांचे केस बसवून देतो. सगळ्यांचे केस सरळ, सगळ्यांना उंची हवी. याचे मात्र… कुरळे. इस्त्री फिरवली, सरळ झाले. इस्त्री खाली ठेवली, पुन्हा वर आले.

"पाऊस असला की माझे केस ब्राझीलला परत जातात," तो म्हणाला. "मी मात्र इथेच राहतो."

कायो तामाशिरो. आईबरोबर लहानपणीच ब्राझीलहून हामामात्सु शहरात आलेला. नंतर ती ज्या कारखान्यात होती तिथेच गाड्यांचे आरसे बसवायला लागला, आणि आता हे.

मी इस्त्री बंद केली आणि त्याच्या कुरळ्यांनाच उंची दिली.

त्यानं आरशात डावीकडून पाहिलं. उजवीकडून पाहिलं. मग मला पाहिलं—

जरा जास्तच वेळ.

*

(सगळं सांगत बसत नाही. पहाटा येत गेल्या.)

"बायका म्हणतात, पोर्तुगीजमध्ये काहीतरी बोल ना."

"मग काय बोलता?"

"वाणसामान." तो माझ्याकडे वळला, आवाज खाली आणला आणि डोळ्यांत बघत काहीतरी असं म्हणाला की माझ्या हातातला कंगवा…

"म्हणजे काय?"

"काळा घेवडा. तांदूळ. कपड्यांचा साबण. आई फोनवर सांगायची."

मी इतकी हसले की सलूनच्या मालकीण, ओकाबेसान, आतून बाहेर आल्या. तो गेल्यावर म्हणाल्या, "चिनात्सु, आपण केस करतो, ते मनं करतात. दोन्ही पोटासाठी. लक्षात ठेव हो."

"मी काय केलंय?"

"त्याच्या केसांना बाकीच्यांच्या दुप्पट वेळ लावलास. बाकी काही नाही."

*

मग एका पहाटे तो गप्प.

"काय झालं?"

"मॅनेजर म्हणाला, महिनाअखेरपर्यंत एका तरी बाईनं माझं नाव घ्यायला हवं. नाहीतर परत आरसे." तो समोरच्या आरशाकडे बघून हसला. "हे असे नाहीत. छोटे."

"मी आले तर?"

हे मी त्याच्या मानेला विचारलं. ड्रायर चालू होता. त्याला ऐकू गेलं नाही—

किंवा गेलं.

*

सुट्टीच्या दिवशी त्याच्या क्लबात गेले.

नियम साधा आहे. पहिल्यांदा आलेल्या बाईसमोर होस्ट एकेक करून येऊन बसतात. निघताना ती ज्याचं नाव घेते, तो तिला लिफ्टच्या दारापर्यंत सोडतो. आणि तोच त्या क्लबात तिचा कायमचा होस्ट. पुढे कधीही बदलता येत नाही.

(पहिला.) माझे डोळे सुंदर आहेत म्हणाला. अजून बघितलेही नव्हते त्यानं.

(दुसरा.) पत्त्यांची जादू. चुकली. पुन्हा केली. पुन्हा चुकली.

(तिसरा.) साकुया, तिथला अव्वल. बसताबसताच म्हणाला, "तुम्ही कायोसाठी आलात ना? मघापासून तिकडेच बघताय."

बघत होतेच. पलीकडच्या टेबलावर एक वयस्क बाई एकटी बसली होती, काहीच न बोलता. कायोही बोलत नव्हता. तिच्या ग्लासावरचं पाणी त्यानं रुमालानं टिपलं आणि ग्लास वळवून कोरडी बाजू तिच्या हाताशी आणली. खूप वेळानं ती काहीतरी पुटपुटली. गाणं मोठ्यानं लागलेलं. तो एका गुडघ्यावर खाली बसला आणि अख्ख्या चेहऱ्यानं ऐकायला लागला. आमची भाषा तो असाच ऐकतो. एक शब्द निसटला तर सगळं वाक्य निसटेल, म्हणून. आपली माणसं अर्ध्या कानानं ऐकतात, उरलेल्या अर्ध्यानं स्वतःचं उत्तर जुळवतात.

हे काम आहे, मला माहीत होतं. पण एखादं काम इतकं सुंदर केलेलं मी क्वचितच पाहिलं होतं.

(चौथा.)

"तुम्ही?" कायो म्हणाला.

"मी."

त्यानं आपला ग्लास माझ्या ग्लासापेक्षा खाली धरून हलकेच टेकवला. "केस छान झालेत."

"हे सगळ्यांना म्हणता."

"हो."

"निघताना तुमचं नाव घेणार आहे."

"नको."

"…काय?"

"माझं नाव घेऊ नका."

"पण महिना संपतोय! तुम्हाला एक नाव हवंय ना?"

"हवंय. कुणाचंही चालेल. तुमचं नको."

माझे कान तापले. मी पर्स उचलली. ओकाबेसानचा चेहरा डोळ्यांसमोर आला, आणि तो 'सांगितलं होतं' असं म्हणतसुद्धा नव्हता, हे जास्तच वाईट.

"चिनात्सुसान, थांबा." आवाज खाली गेला, पण वाणसामानाचा नव्हता. "नाव घेतलंत की तुम्ही कायमच्या माझ्या गिऱ्हाईक. मग मी साधं हवापाण्याबद्दल बोललो तरी तुम्हाला वाटेल, हे कामाचं. आणि काही दिवसांनी… मलाही कळेनासं होईल. तसं झालेले इथे बरेच आहेत. तू—"

थांबला. पहिल्यांदाच 'तू' म्हणाला होता.

"तू साकुयाचं नाव घे. तो चांगला आहे."

वेळ संपली. तो उठून त्या बाईच्या टेबलाकडे गेला. मॅनेजर होस्टच्या फोटोंचा अल्बम घेऊन माझ्यापुढे गुडघ्यावर बसला.

"दारापर्यंत कोण सोडणार, मॅडम?"

कायो वळून बघत नव्हता.

"कायोसान."

(असं तोंडात आलं होतं. म्हटलं असतं तर गोष्ट इथेच संपली असती, आणि तशी बरी संपली असती: त्याची नोकरी राहिली असती, आणि मला तो मिळाला असता. सगळ्यांना मिळतो तसा. ग्लासातल्या बर्फासकट.)

"साकुयासान," मी म्हटलं.

*

"वेडा आहे," लिफ्टपाशी साकुया म्हणाला. "हातात आलेलं गिऱ्हाईक मला देऊन टाकतो. पुन्हा याल?"

"नाही."

"वाटलंच." लिफ्टचं दार मिटेपर्यंत तो कमरेत वाकून उभा होता.

खाली लख्ख ऊन. कचऱ्याच्या पिशव्यांवर कावळे, कुणीतरी पाइपनं फुटपाथ धूत होतं. मी दोन इमारती पुढे गेले असेन-नसेन, मागून बुटांचा आवाज. कोट नाही, दम लागलेला. लिफ्टची वाट न बघता जिन्यानं आलेला.

"ज्याचं नाव घेतलं त्यानंच सोडायला यायचं असतं," मी म्हटलं.

"गिऱ्हाईकाला." त्यानं श्वास घेतला. "मी गिऱ्हाईकाला सोडायला नाही आलो."

"मग?"

"मला… तू आवडतेस."

हे वाक्य त्या इमारतीत रोज सकाळी किती टेबलांवर बोललं जातं, मला ठाऊक आहे. याच्यापेक्षा कितीतरी चांगलं बोललं जातं. हा तर मधेच अडखळला होता, आणि पाइपवाला माणूस हातातलं काम थांबवून आमच्याकडे बघत होता.

"पुढच्या महिन्यात मी कदाचित हामामात्सुला असेन," तो घाईघाईनं म्हणाला. "हे आधीच सांगायला हवं होतं."

"ट्रेन जाते ना तिकडे?"

"जाते."

"मला त्यात बसता येतं." मी त्याची कॉलर नीट केली. बोटं तिथेच राहिली. "आज कामावरून किती वाजता सुटतोस?"

"दुपारी."

"मी थांबते. आता वर जा, त्या बाई एकट्या बसल्यात."

तो निघाला. दोन पावलांवर थबकून वळला.

"खरंच थांबशील?"

"जा रे!"