जुळवणी थांबवताना

सप्टेंबरात रूसे शहराच्या प्रत्येक बाल्कनीतून भाजलेल्या मिरच्यांचा वास येतो. त्या सकाळी आमच्या बाल्कनीत रुमेना मावशी भाजत होती. मिरच्या भाजायची तिची विजेची भट्टी माझ्याहून जुनी आहे. ती आणि पाणी तापवायची टाकी एकदम चालू झाली की घराचा फ्यूज उडतो. मावशीला हे पक्कं ठाऊक आहे आणि दर वर्षी एकदा ती हे विसरते.

पावणेदहाला फ्यूज उडाला.

"मी काही केलं नाही हं!" बाल्कनीतून आवाज आला.

"टाकी चालू होती, मावशी."

"मग बरण्या काय थंड पाण्यानं धुऊ?"

मी खटका वर केला. फ्रिज गुरगुरला आणि पॅसेजमधल्या कपाटात पेटी सुरू झाली. पेटी म्हणजे घरच्या नेटवर्कवरची साठवणीची पेटी. आत दोन डिस्क असतात आणि प्रत्येक फोटो दोन्हींवर लिहिला जातो. वीज अचानक गेली, तर परत आल्यावर पेटी दोन्ही डिस्क पहिल्यापासून वाचते, एकमेकींशी जुळवते आणि फरक सापडला की दुरुस्त करते. चार-पाच तासांचं काम. मी पदार्थविज्ञान शिकले आहे. ही पेटी मीच आईसाठी बसवली होती.

आई मार्चमध्ये गेली. आज सहा महिने झाले, त्यामुळे इथल्या रिवाजाप्रमाणे इमारतीच्या दारावर तिच्या फोटोचं स्मरणपत्रक लावायचं होतं. चाळीस दिवसांच्या पत्रकाला ओळखपत्रावरचा फोटो वापरावा लागला, ते मावशीला अजून सलत होतं. "पाकीट मारताना पकडल्यासारखी दिसत होती माझी बहीण," ती म्हणायची.

दुसरा फोटो नव्हताच. पेटीत एकोणीस हजार फोटो होते आणि एकातही आई नव्हती, कारण सगळे तिनेच काढले होते. आम्ही हसून दमेपर्यंत ती थांबायची आणि मग बटण दाबायची. आम्ही तिला कसे दिसायचो, एवढंच तिचं माझ्याकडे उरलं होतं. आणखी एक प्रत काढून ठेवायची असं मी दर महिन्याला ठरवत होते.

साडेअकराला मी लॅपटॉपवर बघितलं. जुळवणी पस्तीस टक्के, दुरुस्त्या चारशे बारा. एरवी दोन किंवा तीन असतात. फोटो खराब तर झाले नाहीत ना, म्हणून मी जुनं, आधीच जुळवून झालेलं एक वर्ष उघडलं.

बालचिकचा समुद्रकिनारा. बाबा, मावशी, कलिंगड खाणारी चार वर्षांची मी. आणि उजव्या कडेला पट्ट्यापट्ट्यांच्या झग्यात आई.

मी मावशीला हाक मारली. हाताला मिरचीची काळी सालं चिकटलेली तशीच ती आली.

"नेदा!" आईचं नाव घेताना तिचे डोळे भरले. "आहे की गं फोटो! आणि तू म्हणे एकही नाही. नीट शोधायला नको!"

"मावशी, हा काढला कोणी?"

"कोणी म्हणजे? नेदानंच..." ती थांबली. मग म्हणाली, "तुझ्या बाबांनी असेल."

"बाबा इथे आहेत. हे बघ."

ती फोटोतली माणसं पुन्हा एकदा मोजू लागली.

मी पुढचे उघडले. दुरुस्त झालेल्या प्रत्येक फोटोत आई होती. आम्ही सगळे हसत होतो. ती हसत नव्हती. हलू नको असं कोणी बजावल्यासारखी उभी होती.

सपाट किनाऱ्यावर कॅमेरा जितक्या उंचीवर असेल, तितक्याच उंचीवरून क्षितिजाची रेषा माणसांना कापते. आईच्या फोटोंत ती बाबांच्या हनुवटीपाशी असायची. इथे ती बाबांच्या डोक्याच्या वीतभर वर होती. बाबा सहा फूट उंच आहेत.

"चालू राहू दे," मावशी हळूच म्हणाली. "कसे का आले असेनात. ती दिसते तरी आहे."

"हे आईनं बघितलेलं नाही, मावशी. आईनं बघितलेलं पुसून त्याच्यावर हे लिहिलं जातंय. उरलेले मी देणार नाही."

मी टाकी बंद केली, भट्टीची वायर काढली. आता फ्यूज उडून चालणार नव्हतं. मग 'जुळवणी थांबवा' वर बोट ठेवलं.

'हातातला भाग पूर्ण करून थांबत आहे,' पडद्यावर आलं. साठ टक्के.

पेटीवरचा दिवा लुकलुकत राहिला. दुरुस्त्यांचा आकडा वाढत होता. प्रत्येक आकडा म्हणजे एक फोटो.

मावशी कपाटापाशी गेली. "ओढते प्लग."

"हात लावू नकोस."

"बिली, अगं जातायत ते!"

"लिहिता लिहिता वीज गेली तर सगळेच जातील. थांब."

मी तिचं मनगट धरलं.

आणखी सहा.

आणखी चार.

एक.

दिवा स्थिर झाला. एकसष्ट टक्के.

मी पेटी रीतसर बंद केली. दोन्ही डिस्कची घरघर उतरत गेली, थांबली. मग प्लग काढला.

आम्ही जेवलो नाही. एक डिस्क बाहेर काढून लॅपटॉपला जोडली, फक्त वाचता येईल, काहीही लिहिता येणार नाही अशी. न जुळवलेले सात हजारांवर फोटो उतरवायला संध्याकाळचे पाच वाजले. मावशी मधे खाली जाऊन पत्रक चिकटवून आली. कुठला फोटो, ते मी विचारलं नाही. तीच म्हणाली, "पाकीटमारच बरी."

मग मी उतरवलेले फोटो तपासत बसले. आई कुठेही नव्हती. किनाऱ्यावरच्या फोटोंत क्षितिज बाबांच्या हनुवटीपाशी. सगळं तिने सोडलं तसं होतं. सात हजार वाचवले होते.

चेहऱ्यांकडे मी सगळ्यात शेवटी बघितलं. बाबा कॅमेऱ्याकडे बघतात. मावशी कॅमेऱ्याकडे बघते. मी बघत नाही. नवव्या वर्षी, पंधराव्या वर्षी, गेल्या नाताळात, प्रत्येक फोटोत माझी नजर कॅमेऱ्याच्या जरा डावीकडे आहे, कॅमेरा धरलेल्या आईच्या खांद्याच्या बरीच वर, बाबांहून वीतभर उंच कोणी मागे उभं असावं तिथे.

एकाही फोटोत मी घाबरलेली नाही. ओळखीचं माणूस दिसल्यावर हसतात तशी हसते आहे.