सावधान साहेब आणि पाटीवाली

ती उलट्या पावलांनी चालत होती आणि तिचे डोळे समोरच्या भिंतीवरच्या एका पाटीवर खिळले होते. पाटीवरची अक्षरं नेमकी किती लांबून वाचेनाशी होतात, हे तिला पाहायचं होतं. मागे काय आहे याची तिला फिकीर नव्हती. तेवढ्यात कुणीतरी तिच्या खांद्यावरच्या पिशवीचा पट्टा धरून तिला बाजूला खेचलं, आणि ओल्या चादरींनी शिगोशीग भरलेली एक ट्रॉली तिच्या ओढणीला चाटून पुढे गेली.

"इथे उभं राहायचं नसतं," पट्टा धरणारा म्हणाला.

"कुठे लिहिलंय?"

"तुमच्या डोक्याच्या मागे."

तिनं वळून पाहिलं. खरंच होतं. आगीच्या सूचनेच्या आणि चपलांच्या सूचनेच्या मधल्या चिंचोळ्या जागेत, अंग चोरून बसल्यासारखी एक पाटी होती : 'सावधान! ट्रॉलीचा मार्ग.'

"मी वाचलीच नाही," ती म्हणाली.

"ते दिसलं."

"ऐका तरी. पाट्या वाचणं हा माझा धंदा आहे. सकाळपासून मी या भिंतींकडेच बघतेय. मला जर ही दिसली नाही, तर ट्रॉली ढकलणाऱ्याला कधी दिसणार?"

शेजारच्या यंत्रातून वाफेचा एक लोट आला आणि त्याचा चष्मा पांढराफट्ट झाला. तो काढून शर्टाच्या टोकानं पुसू लागला. चष्म्याशिवाय त्याचा चेहरा अगदीच निःशस्त्र दिसत होता. या निरीक्षणाचा कामाशी काही संबंध नव्हता, तरी तिनं ते जपून ठेवलं.

"तुम्ही त्या पाटीवाल्या का?" त्यानं विचारलं.

"आणि तुम्ही सावधान साहेब."

"हे कोणी सांगितलं?"

"फाटकापासून इथवर जो भेटला, त्यानं."

तो हसला नाही, पण चष्मा गरजेपेक्षा जरा जास्त वेळ पुसत राहिला.

लाँड्री मोठी होती. इस्पितळांच्या आणि हॉटेलांच्या चादरी, टॉवेल, अभ्रे इथे ढिगांनी येत आणि पांढरेशुभ्र होऊन परत जात. कामगारांच्या जिवाची काळजी घेणं हे सावधान साहेबांचं काम. पाटीवालीचं काम अजून तिचं व्हायचं होतं. आतापर्यंत ती दादाच्या बॅनरच्या दुकानात बसत होती. "मोठं लिही, लाल लिही, झालं!" हे दादाचं शास्त्र. ते तिला पटेना, म्हणून तिनं स्वतःचा फलक लावला : धोक्याच्या सूचना, बघताक्षणी कळतील अशा. पहिलं गिऱ्हाईक म्हणजे या लाँड्रीच्या मालकीणबाई. त्यांनी साफ सांगितलं होतं, "इस्त्रीच्या मोठ्या रोलरसाठी एक पाटी करा. शनिवारी मी बघेन. पटली तर सगळ्या लाँड्रीचं काम तुमचं. नाही पटली, तर बाजारात तयार स्टिकर मिळतातच."

"नाही जमलं तर आपलं दुकान आहेच," असं दादा म्हणाला होता. प्रेमानंच म्हणाला होता. पण तो 'आहेच' तिच्या कानात कुसळासारखा रुतून बसला होता. तिला परत जायचं नव्हतं.

तिची कामाची रीत सरळ होती. पाटी क्षणभर दाखवायची, झाकायची, आणि 'काय लिहिलं होतं?' असं न विचारता 'आता तुम्ही काय कराल?' असं विचारायचं. पहिलं चित्र तिला स्वतःलाच फार आवडलं होतं. लाल त्रिकोण, त्यात दोन रोलर आणि रोलरांच्या मधोमध एक हात. रोलरवर चादरी लावण्यात मुरलेल्या एक बाई होत्या, त्यांना सगळे मावशी म्हणत. तिनं आधी त्यांना गाठलं. सावधान साहेब खांबाला टेकून बघत होते.

"मावशी, आता तुम्ही काय कराल?"

"चादरीचं टोक हातानं आत सरकवीन," मावशी झटक्यात म्हणाल्या. "तेच दाखवलंयस ना? हात, रोलर. नव्या बायकांना शिकवायला बरं आहे हो हे चित्र."

तिनं घडी घालणाऱ्या बाईला विचारलं. तेच उत्तर. तिसरीला विचारायचं धाडस तिनं केलं नाही. लोकांना रोलरपासून लांब ठेवायला निघालेल्या तिनं त्यांना हात घालायचं आमंत्रणच काढून ठेवलं होतं.

"चहा घेणार?" सावधान साहेबांनी जवळ येऊन विचारलं.

"आधी हसून घ्या. मनात ठेवू नका."

"हसण्यासारखं काही नाही. मी इतकी वर्षं लोकांना 'कळलं ना?' एवढंच विचारत आलोय. सगळे 'हो साहेब' म्हणतात." त्यानं कप तिच्या हातात दिला. "तुमच्यासारखं विचारायचं मला कधी सुचलं नाही."

तिनं कपाच्या कडेवरून त्याच्याकडे पाहिलं. कौतुक करताना हा माणूस कपाकडे बघतो, हे तिच्या लक्षात आलं.

चहा झाल्यावर त्यानं एक कोरडी चादर आणली. एक टोक तिच्या हातात दिलं, दुसरं स्वतः धरलं. "अपघात कसा होतो ते बघा. मी रोलर. चादर दुमडून अडकलीय, आणि तुमच्या हातातलं टोक चाललंय. काय कराल?"

"घट्ट धरीन."

"सगळे हेच करतात. मग चादरीबरोबर हातही जातो." त्यानं चादर ओढली. ती एक पाऊल पुढे गेली. त्यानं आणखी ओढली. आता दोघांच्या मध्ये हातभर कापड उरलं होतं… आणि त्याच्या ओढण्यात रोलरचा जोर राहिला नव्हता.

"मग करायचं काय?" तिनं हळूच विचारलं.

"सोडायचं."

तिनं सोडलं. तो मागच्या टॉवेलांच्या ढिगात जाऊन बसला.

"अहो, सांगून सोडायचं!"

"रोलर सांगून ओढतो का?"

या वेळी मात्र तो हसला. अगदी मोकळा, चष्मा नाकावर घसरेपर्यंत.

दुसऱ्या दिवशी तिनं नवी पाटी दाखवली. चादर रोलरमध्ये निघालेली. एक हात उघडा, चादरीपासून दूर. दुसऱ्या हाताचा तळवा लाल बटणावर. खाली शब्द : 'चादर अडकली? सोडा. लाल बटण दाबा.'

"यात 'सावधान' कुठे आहे?" त्यानं विचारलं.

"काढलं."

"का?"

"सावधान म्हटल्यावर माणूस नुसता बिचकतो. करायचं काय, ते त्याला कळत नाही."

"अस्सं. म्हणजे मला बघून लोक—"

"मी नाही बिचकत," ती म्हणाली. ठरवलं होतं त्यापेक्षा पटकन म्हणाली, आणि मग मार्करचं टोपण बसवण्यात उगाचच गुंतली.

मावशींनी पाटी पाहिली, तिनं झाकली. "चादर गेली खड्ड्यात," मावशी म्हणाल्या. "बटण दाबीन." घडी घालणाऱ्या बाईनंही तेच सांगितलं. तिसरी, चौथी, ट्रॉलीवाला, कुणीच चुकलं नाही.

इथवर सगळं सुरळीत होतं. माशी शिंकली ती खांबापाशी. रोलरसमोरचा खांब हीच पाटीची जागा. आणि तो खांब वरपासून खालपर्यंत सावधान साहेबांच्या पाट्यांनी मढलेला.

"या सगळ्या उतरवाव्या लागतील," ती म्हणाली.

"ही नाही उतरवता येणार."

"बरं, ही?"

"हीसुद्धा नाही." त्याचा आवाज खाली आला होता. "ही लावली त्या दिवशी एका माणसाचा पाय ट्रॉलीखाली आला होता. इथे एका बाईंचं मनगट भाजलं, तेव्हाची ही. ही घसरून पडलेल्या फिटरची. प्रत्येक पाटी मी माझ्या हातानं लावलीय. उतरवायची म्हणजे… ते घडलंच नाही असं म्हणायचं."

इथे तिनं थांबायला हवं होतं. पण कामाचा मुद्दा निघाला की तिच्या जिभेला हाड उरत नसे.

"मग हा खांब तुमच्यासाठी आहे," ती म्हणाली. "त्यांच्यासाठी नाही."

त्यानं चष्मा नीट केला. "शनिवारी मालकीणबाई येतील, त्याच ठरवतील," असं म्हणून तो गेला. त्या दिवशी चहा झाला नाही. दुसऱ्या दिवशीही झाला नाही.

"लाव ना तुझी पाटी त्यातच कुठेतरी," घरी जेवताना दादा म्हणाला. "हातचं काम कशाला घालवतेस?"

"त्या गर्दीत लावली तर ती पाटी नसते, दादा. भिंतीचा रंग असतो."

"भांडण पाटीवरून आहे की पाटी लावणाऱ्यावरून?" वहिनीनं विचारलं.

"पाटीवरून."

"मग ताटातलं का चिवडतेयस?"

ताटं विसळताना ती त्या खांबाचाच विचार करत होती. आपलं म्हणणं बरोबर आहे, याबद्दल तिला तिळमात्र शंका नव्हती. पण त्याचंही बरोबर होतं. ज्यांना लागलं, भाजलं, त्यांना विसरून चालणार नव्हतं. फक्त रोलरपाशी त्यांची आठवण वाचायला कुणाला सवड नव्हती. सवड कुठे असते? नवे कामगार पहिल्या दिवशी ज्या खोलीत बसतात तिथे. बाकं, पंखा आणि चारही भिंती कोऱ्या! तिनं नळ बंद केला. आता शनिवारची तिला घाई झाली.

शनिवारी ती पोहोचली तेव्हा रोलर सुरू होता. तो सुरू असला की हॉलभर त्याचीच घरघर. शेजारच्याशी बोलायलाही ओरडावं लागे. सावधान साहेब शिडीवर होते, हातात पान्हा. खांब निम्मा उघडा झाला होता.

"काय करताय?" ती खालून ओरडली.

"काय?"

"काय करताय!"

"उतरवतोय! काल मावशींना विचारलं, समोरच्या खांबावर काय लिहिलंय! रोज इथेच उभ्या असतात!"

"मग?"

"म्हणाल्या, इथे खांब आहे?"

ती खळखळून हसली. मग दोन्ही हात तोंडापाशी धरून ओरडली, "फेकू नका त्या! नव्या लोकांच्या खोलीत लावू! पहिल्या दिवशी एकेका पाटीची गोष्ट तुम्ही सांगायची! तिथे ऐकतील लोक!"

त्याचा पान्हा थांबला. वाफेनं चष्मा भरून आला होता, त्यामुळे त्याचे डोळे तिला दिसत नव्हते.

"हे कधी सुचलं?" त्यानं वरून ओरडून विचारलं.

"भांडल्यापासून दुसरं काही सुचतच नाहीये!"

उरलेल्या पाट्या त्यानं एकेक करून तिच्या हातात दिल्या. मोकळ्या खांबावर तिची एकच पाटी चढली. मालकीणबाई येऊन हाताची घडी घालून उभ्या राहिल्या. रोलरवर मावशींच्या शेजारी याच आठवड्यात कामाला लागलेली एक बाई चादरी लावत होती.

"सरळ आहे का?" तो वरून ओरडला.

"डावीकडे थोडी वर!"

"आता?"

"आता छान!"

"आणखी काही म्हणालात?"

ती काहीच म्हणाली नव्हती. पण त्या घरघरीत, शिडीवरून तिच्याकडे वाकून तो उत्तराची वाट बघत होता. इथे आपलं बोलणं त्याच्याशिवाय कुणाला ऐकू जाणार नाही, असा तिनं हिशेब केला. हिशेब अगदी बरोबर होता, रोलर चालू असेपर्यंत.

"आता म्हणते!" ती पूर्ण ताकदीनं ओरडली. "तुम्ही मला—"

तिच्या पाठीमागे काय झालं ते तिला नंतर कळलं. चादरीचं टोक दुमडलं, अडकलं, आणि सरसर आत ओढलं जाऊ लागलं. नव्या बाईचे हात त्यामागे धावले… थबकले… उघडले. तिचा तळवा लाल बटणावर आदळला. रोलर जागच्या जागी गप्प झाला.

"—आवडता!"

तो शब्द हॉलच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत खणखणीत घुमला.

घडी घालणारे हात थांबले. ट्रॉलीवाला थांबला. नवी बाई दोन्ही तळवे हवेत धरून उभी होती, दहाही बोटं शाबूत. चादर निम्मी रोलरच्या पोटात.

मालकीणबाईंनी तिच्या हातांकडे पाहिलं, मग खांबावरच्या पाटीकडे, मग पाटीवालीकडे. "काम तुमचं," त्या म्हणाल्या. "सगळ्या लाँड्रीचं. बाकीचं तुमचं तुम्ही बघा."

सावधान साहेब शिडीवरून उतरले. तोंड शिडीकडे, हात दांड्यावर, एकेक पायरी. अशा वेळीसुद्धा हा माणूस उडी मारणार नव्हता. खाली येऊन तो आधी नव्या बाईकडे गेला, तिचे दोन्ही हात उलटसुलट करून पाहिले. "कोणी सांगितलं सोडायला?" त्यानं विचारलं. तिनं हनुवटीनं खांब दाखवला. मग कुठे तो पाटीवालीकडे वळला.

तिच्या कानांच्या पाळ्या तापल्या होत्या, पण तिनं मान खाली घातली नाही. जे म्हणायचं ते म्हणून झालं होतं, आणि त्यातलं अक्षरही परत घ्यायची तिची इच्छा नव्हती.

"मशीन बंद आहे तोवर बोलून घेतो," तो म्हणाला. "मला ओरडून नीट बोलता येत नाही."

"बोला."

"दोन दिवस तुमचा फार राग आला होता. चहा एकट्यानं घेतला. तो… बरा लागला नाही."

"हे चहाबद्दल चाललंय की माझ्याबद्दल?"

"तुमच्याबद्दल." या वेळी तो कपाकडे किंवा जमिनीकडे न बघता थेट तिच्याकडे बघत होता. "तुम्हीही मला आवडता. फार. पुढचंही विचारायचं आहे, म्हणजे लगेच नाही, पण विचारायचं आहे नक्की—"

"विचारा सावकाश," ती म्हणाली. "मी काही कुठे जात नाही. सगळी लाँड्री व्हायचीय अजून."

रोलर पुन्हा सुरू करायला फिटर बटणापाशी आला. मावशींनी त्याच्या हातावर चापट मारली.

"दम धर की जरा! साहेबांचं बोलणं चाललंय."