गुनवाल्ड रोस्टेनचं पातळ कातडं

बोर्घिल्ड रोस्टेन आत आली आणि हातमोजे न काढताच म्हणाली, "माझ्या नवऱ्याला चोर ठरवलंय. तुम्ही याल का?"

थोरा लिंडविगने खुर्ची पुढे सरकवली. ऑर्विलने कॉफी ओतली. ऑर्विल हा थोराच्या मेलेल्या नवऱ्याचा धाकटा भाऊ. शाळेची बस चालवण्यातून निवृत्त झाल्यापासून तो वहिनीची गाडी चालवी आणि तिच्या तपासांत लक्ष घाली. यातलं दुसरं काम करायला तिने कधी सांगितलं नव्हतं.

"काय चोरलं म्हणतात?" थोराने विचारलं.

"महिनाभर. हंगाम सुरू व्हायच्या आधीच रॅकून मारला म्हणतात. शनिवारी मंडळातून नाव काढणार, आणि वनखात्याला कळवणार. मग त्याचा परवाना गेलाच."

अमेरिकेच्या उत्तरेकडल्या हेग्डाल गावच्या सापळेकरी मंडळाची स्पर्धा दर जानेवारीत होई. ज्याचं रॅकूनचं, म्हणजे शेपटीवर पट्टे असलेल्या त्या केसाळ जनावराचं, कातडं सर्वांत दाट, तो पहिला. इतकी वर्षं पहिला येणारा बोर्घिल्डचा नवरा गुनवाल्ड यंदा शेवटचा आला होता. त्याच्या नावाच्या कातड्यावर बोट ठेवलं तर थेट कातडीला लागत होतं.

"कोवळी फर म्हणजे थंडीआधीचं जनावर, असं एमिल वोचेक म्हणाला. परीक्षक तोच." बोर्घिल्डने पेला दोन्ही हातांत धरला. "तुम्ही ते कातडं नीट बघा. सगळ्या बाजूंनी बघा."

"नक्की," थोरा म्हणाली.

वाटेत ऑर्विल म्हणाला, "वहिनी, सरळ आहे. जो पहिला आला त्यानेच कातडं बदललं."

"भावजी, मागच्या वेळीही तुम्हाला सरळच वाटलं होतं. पुढे बघा, बर्फ आहे."

एमिल वोचेकचं फर-खरेदीचं दुकान म्हणजे एक लांबट पत्र्याची शेड. तिथे चरबीचा आणि लाकडाच्या भुशाचा वास मुरलेला होता. स्पर्धेतली कातडी फळ्यांवर खिळे ठोकून, केस वर करून भिंतीला उभी केली होती. प्रत्येकाच्या कोपऱ्यात सापळेकऱ्याच्या सहीची पुठ्ठ्याची चिठ्ठी दोऱ्याने शिवलेली.

"मला काय आनंद झाला असेल का?" एमिल वैतागून म्हणाला. "गुनवाल्ड माझ्या लग्नात करवला होता. पण हे बघा." त्याने पहिल्या आलेल्या कातड्यावर जोरात फुंकर मारली. वरचे लांब केस हलले, पण आतली राखाडी लव गादीसारखी गच्च राहिली. मग त्याने गुनवाल्डच्या कातड्यावर फुंकर मारली. केस दुभंगले आणि तळ दिसला.

"लालसर पण आहे," थोरा म्हणाली.

"उन्हाने. उन्हाळ्याचे केस अजून गळले नव्हते, म्हणजे सप्टेंबरातलं."

"आणि लहान."

"म्हणजे पिल्लू. तेही वाईटच."

"बाकीची कातडी एवढी दाट कशामुळे?"

"थंडी, बाई! शिवाय इथला रॅकून मक्याच्या शेतात चरून डुकरासारखा फुगतो. पोटात चरबी, पाठीवर लव, तेव्हा कुठे तो हिवाळा काढतो. जितकं उत्तरेला जाल तितकं जनावर मोठं आणि फर जाड. म्हणून तर माझ्याकडे फक्त आपल्या भागातला माल. दुसरा मी हातात धरत नाही."

"स्पर्धेच्या आदल्या रात्री फळ्या कुठे होत्या?"

"इथेच. किल्ली माझ्या खिशात. फळ्या उचलायला फक्त डेल्मर होता."

थोराने गुनवाल्डची चिठ्ठी भिंग लावून पाहिली. पुठ्ठ्याला दोन भोकं, त्यातून लाल दोरा, मागे घट्ट गाठ. "दोनच भोकं," ती पुटपुटली. ऑर्विलला त्यात काही विशेष वाटलं नाही. चिठ्ठीला भोकं असायचीच.

"एमिल, ही फळी शुक्रवारी रोस्टेनांच्या घरी आणाल? खिळे काढू नका. आणि डेल्मरलाही आणा."

डेल्मर हाउगे पेट्रोल पंपावर सापडला. यंदाचा विजेता तोच. दांडगा, लाल दाढीचा.

"तू बारमध्ये म्हणाला होतास, यंदा म्हाताऱ्याला पाडतो," थोरा म्हणाली.

"दर वर्षी म्हणतो. आणि दर वर्षी पडतो मीच." डेल्मर खिन्न हसला. "सापळा लावायला त्यानेच शिकवलं मला. ही असली जीत कुत्र्याला घाला. पहिला आलो तरी कुणी पाठीवर थाप मारली नाही."

"त्याला हरवून तुला काय मिळणार होतं?"

"शांतता! म्हातारा दर वर्षी कप घेताना उभा राहून म्हणतो, 'ज्या दिवशी दुसरा येईन त्या दिवशी सापळे भिंतीला टांगीन.' आम्ही सगळे टाळ्या वाजवतो. मागच्या हिवाळ्यात ओढ्याचा बर्फ फुटून आत गेला, तेव्हा मीच कॉलर धरून ओढला. ओठ निळे पडलेले. आणि आठवड्याभरात परत ओढ्यावर! डॉक्टर हृदयाचं सांगतोय, आणि हा म्हणतो, पाय जरा ओले झाले होते."

गाडीत बसताच ऑर्विल म्हणाला, "वहिनी, हा पोरगा मला आवडला. मग एमिलच. किल्ली त्याच्याकडे."

"आता तुम्ही गावातल्या प्रत्येकाला एकेक दिवस धरणार का?"

गुनवाल्ड रोस्टेन स्वयंपाकघरात खिडकीकडे पाठ करून बसला होता. संधिवाताने बोटं वाकडी झालेली, पण खांदे अजून दारात न मावणारे.

"ते कातडं माझं नाही," तो म्हणाला. "निकालाच्या सभेत ओरडून सांगितलं. सगळे खाली बघायला लागले. चोर दुसरं काय म्हणणार?"

"फळीवर ठोकलं तेव्हा पाहिलं होतंत?"

"या बोटांनी? खिळे, चिठ्ठी, सगळं बोर्घिल्ड करते. मी सही करतो आणि पोत्यात बांधलेली फळी नेऊन देतो."

बोर्घिल्डने लोणी-साखर लावलेल्या बटाट्याच्या लेफ्सेच्या, म्हणजे पातळ पोळ्यांच्या, गुंडाळ्या आणि वाडगाभर पेकान, अक्रोडासारखे दाणे, पुढे ठेवले. ऑर्विलने मूठ भरली. "इकडे हे कुठे मिळतात?"

"करीन पाठवते, लुइझियानाहून," गुनवाल्ड म्हणाला. "आमची लेक. जावई तिथल्या दलदलीत सापळे लावतो. त्याला कसले सापळे म्हणायचे! तिकडे पाणीसुद्धा गोठत नाही. मागच्या मार्चात कौतुकाने खोकं पाठवलं, टोपी करा म्हणून. मी उघडूनही बघितलं नाही."

"तू बघतोस कधी काही," बोर्घिल्ड म्हणाली आणि कॉफीचं भांडं आणायला वळली.

शुक्रवारी दुपारी त्याच टेबलाभोवती सगळे बसले. एमिलने फळी मधोमध ठेवली.

"एमिल, खिळे काढा," थोरा म्हणाली, "आणि उलटं करा."

एमिलने पकडीने खिळे उपटले आणि कातडं पालथं केलं. मग तो बघतच राहिला.

कातडीची आतली बाजू लोण्यासारखी पांढुरकी होती.

"ही निळी हवी होती," डेल्मर हळूच म्हणाला.

"का?" ऑर्विलने विचारलं.

"केस वाढत असतात तोवर त्यांचा रंग मुळांशी साठतो," थोरा म्हणाली, "आणि आतून कातडी निळसर दिसते. फर पूर्ण तयार झाली की सगळा रंग केसात जातो आणि कातडी पांढरी पडते. सप्टेंबरातलं जनावर असतं तर हे निळं असतं. हे भर हिवाळ्यातलं आहे. याची फर जेवढी येणार होती तेवढी आलेली आहे."

"एवढीच?" एमिल म्हणाला.

"उबदार मुलखात एवढीच येते. जिथे पाणी गोठत नाही तिथल्या रॅकूनला गादी कशाला हवी? तो अंगाने लहान राहतो, लव विरळ, रंगात लाली. एमिल, तुम्ही कातडं पाहिलंच नाही, चिठ्ठी वाचलीत. गुनवाल्डचं नाव, म्हणजे जनावर इथलं. इथलं असून पातळ, म्हणजे लवकर मारलेलं. तिथेच फसलात."

एमिलचे कान लाल झाले. "पण मग बदललं कुणी?"

"शेडमध्ये कुणी बदललं असतं, तर गुनवाल्डची चिठ्ठी त्याच्या कातड्यावरून उसवून इथे शिवावी लागली असती. लाल दोरा कापून, त्याच दोन भोकांतून तसाच दोरा पुन्हा घालून तशीच गाठ मारायची, तीही डेल्मरच्या या पंजांनी? आणि एमिल तर बाहेरचं कातडं हातातही धरत नाही. चिठ्ठी एकदाच शिवली गेली, आणि ती याच कातड्यावर. म्हणजे अदलाबदल शेडमध्ये झालीच नाही. पोत्यात बांधण्याआधी झाली."

ऑर्विलच्या तोंडातला पेकान तसाच राहिला. मार्चमध्ये लुइझियानाहून आलेलं खोकं त्यालाही आता आठवलं.

कुणी बोर्घिल्डकडे पाहिलं नाही. तीच बोलली. "तो दुसरा यावा आणि त्याने सापळे टांगावेत, एवढंच हवं होतं मला. कातडी पांढरी आहे, मग चोरी म्हणणारच नाही कुणी, असं धरून चालले मी. एमिल उलटून बघेल असं वाटलं."

"बघायला हवं होतं," एमिल म्हणाला.

"सभेत उभं राहून सांगणार होते. पाय उचलले नाहीत. याच्या तोंडाकडे बघवेना."

"म्हणून माझ्याकडे आलात," थोरा मऊपणे म्हणाली. "सगळ्या बाजूंनी बघा, असं तुम्हीच सांगितलंत. नवऱ्याने हरावं, पण त्याला कुणी चोर म्हणू नये, असं वाटणारं माणूस या गावात एकच होतं."

गुनवाल्डने ते कातडं हाताने बाजूला सारलं. मग म्हणाला, "मला सांगायचं होतंस."

"सांगितलं. ओढ्यातून आणलं तेव्हा सांगितलं. डॉक्टरकडून येताना सांगितलं. तू रेडिओ मोठा केलास." तिने खिडकीकडे बोट केलं. "तू पहाटे बाहेर पडलास की मी या खिडकीत उभी असते, गुनवाल्ड. तुझा दिवा परत झाडीतून दिसेपर्यंत उभी असते. रोज."

ती आत गेली आणि खरं कातडं घेऊन आली. उशांच्या पेटीत ठेवलं होतं. टेबलावर टाकताच डेल्मरच्या तोंडून शीळ निघाली. काळसर, जड, हात ठेवला की बुडणारं. एमिल वाकला, फुंकर मारली, पुन्हा मारली. तो डेल्मरकडे बघून तोंड उघडणार एवढ्यात गुनवाल्डने आपला वाकडा पंजा कातड्यावर ठेवला.

"नको सांगूस."

"पण निकाल तर—"

"निकाल लागलाय. कप डेल्मरचा. उद्या सभेत एवढंच सांग, की मी चोर नाही."

"ते मी सांगेन," बोर्घिल्ड म्हणाली. "माझं तोंड, माझी लाज."

"मग मीही शेजारी उभा राहीन." त्याने डेल्मरकडे पाहिलं. "वसंत आला की सापळे घेऊन जा. तेल घालत जा, नाहीतर परत मागीन."

डेल्मरने बाहीने नाक पुसलं आणि मान हलवली.

निघताना ऑर्विलने कोट चढवला. दारातून त्याला दिसलं, म्हातारा बायकोकडे बघत बसला होता, ती पहिल्यांदाच नीट दिसत असल्यासारखा.

"आणि मी आता पहाटे उठून करायचं काय?" गुनवाल्ड म्हणाला.

"झोपायचं," बोर्घिल्ड म्हणाली. "मी असतेच की तिथे."